उंच काठी, चरबी आणि ‘जमलं तर निसट’ : स्पॅनिश गावनावांचं शब्दशः इंग्रजी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय गमतीचा आहे. निदान सुरुवातीला तरी.

इंग्रजी बोलणाऱ्यांचा एक जुना खेळ आहे. स्पॅनिश गावाचं नाव घ्यायचं आणि शब्दाला शब्द ठेवून त्याचं इंग्रजी करायचं. असं केलं की अमेरिकेच्या पश्चिमेचा प्रवास कसा होतो बघा. विमान उतरतं ‘द मेडोज’ला, म्हणजे कुरणांत. हे लास वेगास. जुगाराचे अड्डे, झगमगते दिवे, आणि नाव काय, तर कुरणं! तिथून गाडीनं ‘द एंजल्स’, देवदूत. तिथून उत्तरेला निघालं की फ्रेस्नो, म्हणजे ‘ॲश ट्री’, एका झाडाचं नाव. पुढे मांतेका नावाचं गाव लागतं. त्याचं इंग्रजी ‘लार्ड’, डुकराची चरबी. आणि मुक्काम कुठं? ‘टॉल स्टिक’, उंच काठी. म्हणजे पालो आल्तो, जिथं संगणकाच्या धंद्यातले अब्जाधीश राहतात. (हशा)

लॉस एंजलिसच्या बेसबॉल संघाचं नाव ‘एंजल्स’ आहे. इंग्रजीत पूर्ण म्हणायचं तर ‘द लॉस एंजलिस एंजल्स’. आता ‘लॉस’चा अर्थ ‘द’. म्हणजे झालं ‘द द एंजल्स एंजल्स’. त्याच शहरात डांबराची प्रसिद्ध तळी आहेत, ‘द ला ब्रेया टार पिट्स’. ब्रेया म्हणजे डांबर. म्हणून ‘द द टार टार पिट्स’.

हसून झालं की एक लक्षात घ्या. यातल्या कशालाही स्पॅनिश बोलणारा माणूस हसत नाही. आपण वडगाव म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर वड येतो का? पिंपळगावला जायचं तिकीट काढताना पिंपळ आठवतो का? नाव रोजच्या तोंडात बसलं की त्यातला शब्द झोपी जातो. भाषांतर त्याला गदागदा हलवून उठवतं, आणि झोपेतून उठलेला माणूस वेंधळा दिसतो तसा तो शब्द वेंधळा दिसतो. गंमत एवढीच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं विचारायला हवं, की झोपण्याआधी तो शब्द काय करत होता? भाषांतरात शब्दाचा अर्थ सापडतो. नाव पडण्याचं कारण सापडतंच असं नाही.

पालो आल्तोचंच घ्या. 1769 मध्ये गास्पार दे पोर्तोला हा अधिकारी सैनिक आणि पाद्री घेऊन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानं वर चालला होता. त्या तुकडीनं जिथं तळ ठोकला, तिथं एक प्रचंड रेडवूड होता. दुरून दिसणारी खूण. त्या काळच्या स्पॅनिशमध्ये पालो म्हणजे काठीही आणि झाडही. तो वृक्ष अजून उभा आहे, वय हजार वर्षांहून जास्त. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुद्रेवर जे झाड आहे, ते हेच. म्हणजे ‘उंच काठी’ हा विनोद, आणि ‘उंच झाड’ ही वाटसरूनं पुढच्या वाटसरूला सांगितलेली खूण.

लास वेगासचंही तसंच. वाळवंटात झऱ्यांमुळे गवत उगवलेली जागा. 1829 च्या सुमारास सांता फेहून खेचरं घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यांना तिथं चारा आणि पाणी मिळालं. त्यांना अलंकारिक काही सुचलेलं नाही हो, चारा दिसला म्हणून कुरण म्हणाले!

लॉस एंजलिसचं मूळ मात्र जरा वेगळं. पोर्तोलाची तुकडी तिथल्या नदीवर 2 ऑगस्ट 1769 ला पोहोचली. पंचांगात तो पोर्सियुंकुलाच्या देवदूतांच्या राणीचा, म्हणजे मेरीमातेचा, सण होता. पोर्सियुंकुला हे इटलीत असिसीजवळच्या एका चिमुकल्या चॅपलचं नाव. शब्दाचा अर्थ ‘जमिनीचा लहानसा तुकडा’. नदीला ते नाव मिळालं आणि 1781 मध्ये 44 वसाहतकऱ्यांनी तिथं गाव वसवलं. आज ते शहर किती पसरलंय ते तुम्ही जाणता. लहानसा तुकडा! सान या सांता लागलेली पुष्कळशी नावं अशीच कॅलेंडरमधून आलेली आहेत, त्यात फार वेळ घालवत नाही.

आता शब्दांचेच अर्थ बदलतात तेव्हा काय होतं ते बघू. कॅलिफोर्नियात लॉस बान्योस नावाचं गाव आहे. आजच्या स्पॅनिशमध्ये कुणी ‘बान्यो कुठंय?’ असं विचारलं तर त्याला संडास हवा असतो. म्हणून खेळात या गावाचं इंग्रजी ‘द टॉयलेट्स’. प्रत्यक्षात सान हुआन बाउतिस्ता मिशनचे पाद्री आरोयो दे ला क्वेस्ता फिरतीवर असताना तिथल्या ओढ्याच्या डोहांत आंघोळ करत, त्यावरून ते नाव आलं. बिचारे पाद्री.

सान फ्रान्सिस्कोचं जुनं नाव येर्बा बुएना. शब्दशः ‘गुड हर्ब’, आणि आजच्या तरुणांच्या इंग्रजीत ‘गुड वीड’. (हशा) येर्बा बुएना म्हणजे आपल्या पुदिन्याच्या जातीची सुगंधी वनस्पती. 1847 च्या जानेवारीत तिथला अमेरिकन मुख्याधिकारी वॉशिंग्टन बार्टलेट यानं हुकूम काढून सान फ्रान्सिस्को हे नाव कायम केलं.

माझं आवडतं उदाहरण दक्षिण अमेरिकेतलं आहे. ‘रिव्हर प्लेट’. फुटबॉल बघणाऱ्यांना ब्वेनोस आयरेसचा क्लब ठाऊक असेल, आणि दुसऱ्या महायुद्धाचं वाचणाऱ्यांना 1939 ची रिव्हर प्लेटची लढाई. ऐकणाऱ्याला वाटतं ही नदी आणि जेवायची ताटली. मूळ नाव रिओ दे ला प्लाता, चांदीची नदी. मग इंग्रज चुकले का? नाही! जुन्या इंग्रजीत प्लेट म्हणजे चांदीच, चांदीची भांडी. सोळाव्या शतकातलं हे भाषांतर त्या वेळी अगदी चोख होतं. पुढे इंग्रजी बदलली आणि चोख भाषांतराचा विनोद झाला. चुकीचं काही असेल तर ते मूळ नावातच आहे. त्या नदीत चांदी कधीच नव्हती. स्पॅनिश खलाशांनी तिथल्या लोकांकडे चांदीच्या थोड्या वस्तू पाहिल्या, आत कुठंतरी चांदीचा डोंगर आहे अशा कथा ऐकल्या, आणि हाव नकाशावर लिहिली गेली. त्या चांदीचं लॅटिन केलं की अर्जेंटिना. अख्खा देश एका ऐकीव गोष्टीच्या नावावर उभा आहे.

काही वेळा भाषांतर करायचे कष्टच कुणी घेत नाही. फ्लोरिडाच्या टोकाला ‘की वेस्ट’ आहे. यात किल्लीही नाही आणि मुळात पश्चिमही नाही. स्पॅनिशमध्ये ते कायो वेसो, हाडांचं बेट. वेसोचं वेस्ट झालं. बेट त्या माळेच्या पश्चिम टोकाला असल्यानं कुणाला शंकाही आली नाही. कोलोरॅडोत एका नदीचं नाव होतं ‘पर्गेटरीत अडकलेल्या हरवलेल्या आत्म्यांची नदी’. फ्रेंच शिकाऱ्यांनी त्यातलं पुर्गात्वार एवढंच ठेवलं, आणि अमेरिकन गुराख्यांच्या तोंडी त्याचं ‘पिकेटवायर’ झालं. आत्मे गेले, कुंपणाची तार आली. असा उलटा खेळ आपल्या मुंबईवरही झालेला आहे. बॉम्बे म्हणजे पोर्तुगीज ‘बॉम बाइया’, चांगला उपसागर, असं पुस्तकांतून छापलं जातं. पण पोर्तुगीजमध्ये बाइया स्त्रीलिंगी आहे, तिला ‘बोआ’ लागेल. मुंबादेवीला बाजूला सारून व्याकरणात नापास होणारी व्युत्पत्ती आपण कशाला मिरवायची?

स्पॅनिशांनी स्वतःही हेच केलंय. अरबीत वादी म्हणजे दरी किंवा नदी. ‘वादी अल कबीर’, मोठी नदी, हिचं ग्वादाल्किविर झालं. आज स्पॅनिश माणूस ‘रिओ ग्वादाल्किविर’ म्हणतो, म्हणजे ‘नदी मोठी नदी’. हायेन प्रांतात ग्वारोमान नावाचं गाव आहे. स्पॅनिश कानाला त्यात ‘ग्वारो’ ऐकू येतं, म्हणजे डुक्कर, घाणेरडा. मूळ अरबी आहे डाळिंबांची नदी. आणि 1848 मध्ये ज्या तहानं कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला, तो ग्वादालुपे इदाल्गोचा तह. त्यातलं ‘ग्वाद’ म्हणजे तीच वादी. जमिनीचा मालक बदलतो, आणि नव्या मालकाच्या तोंडात जुनी नावं नुसता आवाज म्हणून राहतात.

आता जरा थांबून ऐका, कारण पुढच्या नावांना हसता येत नाही.

उत्तर स्पेनमध्ये बुर्गोस प्रांतात एक इवलंसं खेडं आहे. त्याचं नाव होतं कास्त्रियो माताहुदियोस. माता म्हणजे, आपल्या कानाला फसू नका, ‘ठार मार’. हुदियोस म्हणजे ज्यू. या गावाचं शब्दशः इंग्रजी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. पण जुन्या कागदांत नाव वेगळं आहे : मोता दे हुदियोस, ज्यूंची टेकडी. अकराव्या शतकात शेजारच्या कास्त्रोहेरिसमधून हाकलले गेलेले ज्यू तिथं येऊन राहिले होते. 1492 मध्ये स्पेननं सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर घालवलं, आणि सतराव्या शतकात कागदावर मोताचं माता झालेलं दिसतं. एका अक्षराचा फरक. लेखनिकाची चूक म्हणा, किंवा धर्मांतर केलेल्यांनी निष्ठा दाखवायला केलेला बदल म्हणा, दोन्ही मतं आहेत. मला दुसरं जास्त पटतं, कारण ज्याच्यावर संशय आहे त्यालाच नाव इतकं मोठ्यानं सांगावं लागतं. मे 2014 मध्ये गावकऱ्यांनी मतदान केलं. 29 विरुद्ध 19 अशा मतांनी जुनं नाव परत घ्यायचं ठरलं, आणि 2015 मध्ये ते अधिकृत झालं. ते 19 लोक सगळेच ज्यूद्वेष्टे होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी तो शब्द कधीचा झोपलेला होता. पण नवं नाव आल्यावर गावातल्या पाट्यांवर रंग फासून ज्यूविरोधी मजकूर लिहिला गेला, म्हणजे काहींना अर्थ चांगलाच कळत होता.

शेवटचं नाव साल्सिपुएदेस. ‘साल सि पुएदेस’, जमलं तर निसट. स्पॅनिश मुलखात या नावाचे ओढे आणि खिंडी अनेक आहेत, कॅलिफोर्नियातही आहेत. इंग्रजी यादीत ‘गेट आउट इफ यू कॅन’ म्हणून ते हमखास टाळ्या घेतं. वाट अवघड, चिखल फार, म्हणून कुणीतरी वैतागून ठेवलेलं नाव. उरुग्वेमध्येही साल्सिपुएदेस ओढा आहे. 11 एप्रिल 1831 रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रुक्तुओसो रिवेरा यानं चारुआ लोकांना बोलणीसाठी त्या ओढ्याकाठी बोलावलं. सरहद्दीच्या रक्षणाला तुमची मदत हवी, असं सांगितलं होतं. ते आले आणि सैन्यानं त्यांना घेरलं. सरकारी हिशेबानं 40 च्या आसपास मारले गेले आणि सुमारे 300 पकडले गेले. बायकामुलं मोंतेविदेओत घरकामाला वाटून टाकली. चौघांना 1833 मध्ये पॅरिसला नेऊन तिकीट लावून दाखवलं : वैमाका पेरू, सेनाके, ताकुआबे आणि गुयुनुसा. गुयुनुसा गरोदर होती, तिनं तिकडेच मुलीला जन्म दिला.

वैमाका पेरूचे अवशेष 2002 मध्ये फ्रान्सहून परत आले, ते मोंतेविदेओत राष्ट्रीय स्मारकात ठेवले आहेत. 2009 पासून उरुग्वेत 11 एप्रिल हा दिवस कायद्यानं चारुआंच्या नावे पाळला जातो. ओढ्याचं नाव आजही तेच आहे.

वेळ झाली, इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.