दवंडी, व्ही.पी. आणि नको असलेला निरोप

गावात हलगीचा ठोका पडला की जेवणारा माणूसही घास हातात धरून कान द्यायचा. सारा भरायची मुदत, पटकीची लस टोचायला येणारे डॉक्टर, हरवलेला बैल, बाजाराचा बदललेला दिवस, सगळे निरोप दवंडीनेच फिरत. बीड जिल्हा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वर्तमानपत्र पोचणारी घरे थोडी आणि ते वाचता येणारी माणसे त्याहून थोडी. त्यामुळे एकाच वेळी शेकडो लोकांना काही कळवायचे, तर चावडीसमोर आणि वेशीपाशी उभे राहून ओरडून सांगण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

मंडळी, हा इतिहास आज आठवण्याचे कारण आपल्या खिशात आहे. मोबाइलवर आणि ई-मेलच्या पेटीत दिवसभर निरोप येऊन पडतात. दवंडीला कान देणारा आपलाच समाज हे निरोप न वाचता पुसून टाकतो. असे का झाले?

दवंडीवर लोकांचा विश्वास बसायला साधी कारणे होती. दवंडी देणारा माणूस गावाला तोंडओळखीचा होता. त्याला कोणी धाडले, पाटलाने की पटवाऱ्याने, हेही ठाऊक असे. शिवाय दवंडी रोज उठून कोणी पिटत नसे. या व्यवस्थेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. हे काम जातीने ठरवून दिलेले होते, ते करणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती आणि मोबदला बलुत्याच्या चार दाण्यांचा होता. दवंडीची विश्वासार्हता त्याच्या पायपिटीवर उभी होती.

पुढे टपाल आले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ साली अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागले आणि १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. हैदराबाद संस्थानाचे टपाल खाते वेगळे होते. त्याची स्वतःची तिकिटे १८६९ पासून निघत होती आणि हे खाते १९५० साली भारतीय टपाल खात्यात विलीन झाले. याच काळात व्यापाऱ्यांना टपालातून गिऱ्हाईक शोधण्याची वाट सापडली. १८७७ साली व्हॅल्यू पेएबल म्हणजे आपली ‘व्ही.पी.’ सुरू झाली आणि दूरच्या शहरातला माल खेड्यातल्या माणसाला पैसे मोजून पोस्टमनकडून सोडवून घेता येऊ लागला.

व्ही.पी.चे गणित लक्षात घेण्यासारखे आहे. माहितीपत्रक छापायचा, तिकीट लावायचा आणि गिऱ्हाइकाने व्ही.पी. सोडवली नाही तर ती परत येण्याचाही खर्च व्यापाऱ्यालाच बसे. म्हणून तो पत्त्यांची यादी जपून करी. ज्याला शेतीची अवजारे हवीत त्याला तो अत्तराचे पत्रक धाडत नसे. नको असलेला निरोप तेव्हाही होताच. हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाही तर अनिष्ट होईल, अशी धमकी देणारी देवादिकांच्या नावाची पोस्टकार्डे मराठी घरांत अनेक वर्षे येत राहिली. त्यांवर पाठवणाऱ्याचे नाव नसे. पण अकरा कार्डे विकत घेऊन हाताने लिहावी लागत, म्हणून त्या साथीला मर्यादा राहिली.

ही मर्यादा संगणकाने मोडली. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकाच वेळी धाडली. तेव्हाचे संगणकांचे जाळे संशोधनासाठी आणि सरकारी पैशातून चाललेले होते. तक्रारी झाल्या, समज मिळाली. तरीही अशा जाहिरातीला फारसा खर्च येत नाही, ही गोष्ट तेव्हाच उघड झाली. १९९४ सालच्या एप्रिलमध्ये दोन अमेरिकी वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांवर टाकली आणि लोकांच्या रागाचा स्फोट झाला. अशा निरोपांना ‘स्पॅम’ म्हणण्याचा प्रघात त्याच काळात रुळला. स्पॅम हे डबाबंद मांसाचे नाव. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९७०च्या एका प्रहसनात उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात तेच असते, नको म्हटले तरी ताटात पडते.

ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याला तिकीट नाही आणि त्याचा चेहराही दिसत नाही. खर्च घेणाऱ्याच्या वेळेचा होतो. हजारात एकाने जरी खरेदी केली तरी पाठवणारा फायद्यात राहतो, म्हणून तो लाखांना पाठवतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले सगळे उपाय हा तोल पुन्हा सावरण्यासाठी झाले. आधी कुप्रसिद्ध पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या निघाल्या. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची पद्धत मांडली आणि ती लोकप्रिय झाली. मग एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या व्यवस्था आल्या. पत्रावर ज्याचे नाव आहे, त्याच्याच दारातून ते निघाले का, एवढेच त्या तपासतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना ही ओळख बंधनकारक केली. जाहिरातीच्या पत्रातून एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय हवी आणि स्पॅम म्हणून तक्रारींचे प्रमाण हजारात तीनच्या खाली हवे, असेही नियम घातले.

आपल्याकडे हा त्रास मोबाइलवरून अधिक झाला. २००७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ‘फोन नको’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. २०११ पासून रात्री नऊ ते सकाळी नऊ जाहिरातींना बंदी आली. २०१८च्या नियमांनी पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुनाही आधी नोंदवणे सक्तीचे केले. २०२५ साली अशा संदेशांच्या नावापुढे खुणेचे अक्षर आले. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार आणि ‘जी’ म्हणजे सरकारी निरोप.

ही अक्षरे बीडच्या शेतकऱ्याच्या कामाची आहेत. २०२०च्या खरिपात पीक विम्याचा ‘बीड पॅटर्न’ याच जिल्ह्यात सुरू झाला. त्या काळच्या नियमाप्रमाणे गारपीट किंवा पुराने शेताचे नुकसान झाले, तर ७२ तासांत कळवावे लागे. अशा मुदतीची आठवण देणारा संदेश कर्जाच्या आणि सोडतीच्या पन्नास संदेशांखाली दबला, तर हंगाम हातचा जातो. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. तिथे खोटे ओरडणारा आणि फटका बसणारा पोरगा एकच होता. इथे ओरडतो एक आणि मेंढ्या जातात दुसऱ्याच्या.

ज्यांना प्रामाणिकपणे धंदा करायचा आहे, त्यांनाही याचा त्रास होतो. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बालाघाटातल्या एखाद्या गटाला पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना हंगाम सुरू झाल्याचे ई-मेलने कळवायचे असेल, तर त्याने विकतची यादी घेऊ नये. ज्यांनी आपणहून पत्ता दिला, त्यांनाच लिहावे. आपल्या संकेतस्थळाच्या नावाने, ओळखीची तांत्रिक नोंद करून लिहावे. फळ येईल तेव्हाच लिहावे, एरवी गप्प बसावे. परत आलेले पत्ते खोडावेत आणि नको म्हणणाऱ्याचे नाव दोन दिवसांत काढावे. पत्र स्पॅमच्या पेटीत जाऊ नये म्हणून शब्दांच्या युक्त्या करणाऱ्यापेक्षा एवढे पाळणाऱ्याची पत्रे अधिक पोचतात, कारण पत्र कोठे टाकायचे हे ठरवणारे यंत्र मागच्या पत्रांचे लोकांनी काय केले, हेही पाहते.

आपल्यालाही थोडे काम आहे. नको असलेल्या संदेशांसाठी १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते, तक्रारही करता येते. ई-मेल नुसते पुसून टाकण्याऐवजी ‘स्पॅम’ची कळ दाबावी. जुन्या काळी न मागितलेली व्ही.पी. आपले आजोबा पोस्टमनच्या हाती परत देत आणि तिचा भुर्दंड पाठवणाऱ्याला बसे. ही कळ दाबली की तसाच थोडा भुर्दंड आजच्या पाठवणाऱ्याला बसतो.