व्हर्च्युअल-ऑन : ओराटोरिओ टँग्रम

जपानच्या सेगा कंपनीचा, महाकाय यंत्रमानवांच्या द्वंद्वाचा आर्केड खेळ (१९९८). ‘सायबर ट्रूपर्स व्हर्च्युअल-ऑन’ (१९९५) या खेळाचा हा दुसरा भाग. १९९९ च्या अखेरीस तो जपानमध्ये ड्रीमकास्ट या घरगुती यंत्रावर आला. मालिकेचा पुढचा प्रवास बराच मोठा असला, तरी तिचे नाव निघाले की जाणत्या खेळाडूंना प्रथम आठवतो तो हाच भाग. खेळाच्या कथेपेक्षा त्याच्या हाताळणीला या नोंदीत जास्त जागा दिली आहे, कारण या खेळाचे वेगळेपण हाताळणीत आहे.

नाव : ओराटोरिओ हा पाश्चात्त्य संगीतातील, बहुधा धार्मिक आशयाचा, वाद्यवृंद आणि समूहस्वरांचा रचनाप्रकार आहे, टँग्रम हे सात तुकड्यांचे चिनी कोडे. खेळात मात्र टँग्रम हे कार्यकारणाची साखळीच बदलू शकणाऱ्या एका यंत्रणेचे नाव आहे आणि अखेरचा सामना तिच्याशीच होतो.

पूर्वपीठिका : पहिला खेळ सेगाच्या एएम३ या विभागाने ‘मॉडेल २’ या यंत्रसंचावर तयार केला. त्याची सूत्रे जुरो वातारी यांच्याकडे होती. यंत्रमानवांची आरेखने हाजिमे कातोकी यांची. ‘गुंदाम’ मालिकेतील यंत्रांच्या काटेकोर, सांधा न् सांधा दाखवणाऱ्या आरेखनांमुळे त्यांचे नाव आधीच झाले होते.

त्या काळी द्वंद्वाचा खेळ म्हटला की दोन योद्धे एकमेकांसमोर उभे आणि पाहणारा बाजूला, अशी मांडणी ठरलेली होती. सेगाच्याच ‘व्हर्च्युआ फायटर’ने (१९९३) योद्ध्यांना घनाकार दिला, तरी ते एकमेकांकडे तोंड करूनच राहत. व्हर्च्युअल-ऑनने ही चौकट मोडली. प्रत्येक खेळाडूला त्याचा स्वतंत्र पडदा मिळाला आणि त्यावर आपला यंत्रमानव पाठमोरा दिसू लागला. समोर मोकळे मैदान, मध्ये आडोशाला भिंती किंवा इमारती. प्रतिस्पर्धी पडद्याच्या कडेवरून निसटू शकतो, मागे जाऊ शकतो, भिंतीआड दबा धरून बसू शकतो. त्यामुळे मारण्याआधी शोधणे आले आणि शोधण्यासाठी वळणे आले. बाकीचा सगळा खेळ या एका गोष्टीतून उभा राहिला आहे.

दोन दांडे : आर्केड यंत्रापुढे बसल्यावर खेळाडूच्या हाती दोन उभे दांडे येतात. प्रत्येकावर तर्जनीखाली एक ट्रिगर आणि अंगठ्याखाली एक बटण असते. दोन्ही दांडे एका दिशेला ढकलले की यंत्रमानव त्या दिशेला चालतो. एक पुढे आणि दुसरा मागे केला की तो जागच्या जागी वळतो. होडीत एक वल्हे पुढे आणि एक मागे मारल्यावर होडी जशी फिरते तसा. दोन्ही दांडे बाहेरच्या बाजूंना फाकवले की उडी, आत ओढले की बचाव. अंगठ्याचे बटण दाबले की यंत्रमानव दांड्यांच्या दिशेने वेगात झेपावतो. डावा ट्रिगर डाव्या हाताचे शस्त्र चालवतो, उजवा उजव्या हाताचे. दोन्ही एकदम दाबले तर मधले. प्रत्येक शस्त्राला स्वतःची साठवण असते, ती वापरली की कमी होते आणि थोड्या वेळाने भरते.

हे सगळे समजायला पाच मिनिटे लागतात, पण अंगवळणी पडायला कित्येक दिवस जातात. नवख्याचे हात पहिल्या फेरीत एकमेकांशी भांडतात. त्याला वळायचे असते आणि तो चालू लागतो; उडी मारायची असते तेव्हा एकच दांडा बाहेर जातो. ज्या क्षणी हात या यंत्रमानवाच्या दोन बाजूंसारखे चालू लागतात, त्या क्षणी दांडे आहेत याचा विसर पडतो. अशी हाताळणी द्वंद्वखेळांत क्वचितच सापडते.

एक चाल येथे जवळून पाहण्यासारखी आहे. प्रतिस्पर्धी बगल देऊन मागे गेला, पडद्यावर तो दिसत नाही. जागेवर वळत बसले तर तेवढ्यात पाठीत मारा बसतो. जाणता खेळाडू दांडे फटकन बाहेर फाकवतो. यंत्रमानव उडी घेतो आणि उडी घेताना आपोआप प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करतो. पाय जमिनीपासून जेमतेम सुटतात तोच खेळाडू दांडे आत ओढतो. उडी रद्द होते आणि यंत्रमानव खाली येतो, पण आता शत्रू बरोबर समोर असतो. बाहेर, आत, आणि लगेच झेप. तरबेज खेळाडूंच्या सामन्यात दांड्यांचा हा खटखट आवाज सतत चालू असतो आणि पाहणाऱ्याला वाटते की त्यांचे यंत्रमानव कधी पाठमोरे सापडतच नाहीत.

दुसऱ्या भागाची पहिली ओळख : ओराटोरिओ टँग्रम ‘मॉडेल ३’ या पुढच्या यंत्रसंचावर आला. पहिल्या भागातील ठोकळेबाज पृष्ठे गेली, कवचांवरील खुणा आणि अक्षरे वाचता येऊ लागली, प्रकाशझोतांना झळाळी आली. पहिल्या नजरेत हेच भरत असे. पण ज्यांनी पहिला भाग जीव ओतून खेळला होता त्यांना धक्का बसला तो डोळ्यांना नव्हे, हातांना. खेळ खूपच वेगवान झाला होता. शत्रूने मारा सोडल्याचे पाहून मग बाजूला व्हायचे, ही पहिल्या भागातील सवय येथे तोकडी पडू लागली. तो कुठे असेल याचा अंदाज आधीच बांधावा लागू लागला.

सर्वांत महत्त्वाचा बदल झेपेत झाला. पहिल्या भागात झेप घेतली की ती ठरलेल्या दिशेने जाई. म्हणून झेप ही एक जोखीम होती आणि ती कुठे संपणार हे शत्रू ओळखू शकत असे. दुसऱ्या भागात झेप चालू असताना तिची दिशा काटकोनात वळवता येऊ लागली. या चालीला ‘व्हर्टिकल टर्न’ म्हणतात. आडवा निघालेला यंत्रमानव अर्ध्या वाटेत सरळ अंगावर येऊ शकतो, किंवा अंगावर येता येता बाजूला निसटू शकतो. या एका सोयीने मैदानाचा नकाशाच बदलला. सुरक्षित अंतर ही कल्पना पहिल्या भागातून आलेल्या खेळाडूला नव्याने शिकावी लागली, आणि पहिल्या काही दिवसांत मुरलेले खेळाडूही नवख्यांसारखे हरले ते यामुळे.

अंगठ्याच्या बटणालाही दुसरे काम मिळाले. ते दाबून शस्त्र चालवले की त्याच शस्त्राचा निराळा मारा निघतो. त्यामुळे प्रत्येक यंत्रमानवाचा भाता एकदम मोठा झाला. ‘व्ही-आर्मर’ हे आणखी एक नवे अंग. जड कवचाच्या यंत्रमानवावर दुरून सोडलेले दुबळे फटके आपटून परततात, पण मार खाऊन खाऊन कवचाची ही ताकद झिजते आणि मग साधी गोळीही लागू लागते. जवळच्या झटापटीत बचावातून उलट वार करण्याची, तसेच शत्रूभोवती झटकन वळसा घेऊन बाजूने वार करण्याची सोय आली.

हे सर्व पाहता दुसऱ्या भागाचा पहिला अनुभव सुखद होताच असे नाही. पहिल्या भागात एक मोकळा, मोजका तोल होता आणि तो गेल्याची खंत काहींना कायम राहिली. दुसरा भाग हाच मालिकेचा कळस, असे मानणाऱ्यांचा पक्षही मोठा आहे. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. प्रस्तुत नोंदकाराच्या मते दुसऱ्या भागाने पहिल्या भागातील कल्पना शेवटापर्यंत नेली. दोन दांड्यांच्या यंत्रात किती चाली दडल्या होत्या, हे पहिल्या भागात अर्धेच उघड झाले होते.

यंत्रमानव : खेळातील यंत्रमानवांना व्हर्च्युअरॉइड म्हणतात. पहिल्या भागात निवडीसाठी आठ होते. दुसऱ्यात त्यांचे वारस आले, काही नवे आले आणि पुढील आवृत्त्यांत भर पडली.

टेमजिन हा मालिकेचा नायक. सर्व बाबतींत मध्यम, म्हणून शिकणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम हाच येतो. त्याच्या हातात स्लाइपनर नावाचे एकच शस्त्र असते; बंदूक तेच आणि तलवारही तेच. दुसऱ्या भागात त्याने या शस्त्रालाच वाहन केले. तो शस्त्र आडवे करून त्यावर उभा राहतो आणि लाटेवरच्या फळीसारखा थेट शत्रूवर चालून जातो. ‘ब्लू स्लायडर’ या नावाची ही चाल नव्या भागाची ओळख ठरली.

सायफर हा पहिल्या भागातील व्हायपर-२चा वारस. अंगाने हलका, कवच पातळ, आकाशात रमणारा. हवेत असताना तो क्षणात घडी घालून विमानाचा आकार घेतो आणि शत्रूवर सूर मारतो. कातोकींच्या आरेखनातील सांध्यांचा नेमकेपणा येथे दिसतो : कोणता भाग कुठे दुमडतो, हे डोळ्यांना पटते.

रायडेन अवजड. त्याच्या खांद्यांतून सुटणारे लेझरचे जोडझोत एकदा लागले की सामन्याचे पारडे फिरते. अफार्म्डचे दोन प्रकार झाले, एक जवळून झुंजणारा बॅटलर आणि दुसरा दारूगोळ्याने सज्ज स्ट्रायकर. फेइ-येन स्त्रीरूप, प्राण अर्ध्यावर आले की ती सोनेरी होते आणि तिचा जोर वाढतो. पहिल्या भागातील बेल्गडोरच्या जागी ग्रिस-व्होक, डोर्कासच्या जागी डोर्ड्रे, बाल-बास-बोच्या जागी बाल-बाडोस. स्पेसिनेफ आणि अँजेलान हे पूर्णपणे नवे : पहिला मृत्यूच्या छायेसारखा, दुसरी बर्फाचे ड्रॅगन सोडणारी.

कथा : इलेक्ट्रॉनिक कालगणनेतील भविष्यकाळ, डीएनए आणि आरएनए या दोन गटांतील, करमणुकीचा धंदा बनलेली मर्यादित युद्धे.

संगीत : केंतारो कोयामा.

आवृत्त्या : या खेळाच्या आवृत्त्या लढाईच्या नियमांनुसार क्रमांकांनी ओळखल्या जातात आणि खेळाडूही त्यांचा उल्लेख क्रमांकानेच करतात. आर्केडची पहिली आवृत्ती ५.२, नंतरची ५.४; ड्रीमकास्टवरील ५.४५, त्यानंतर नाओमी या यंत्रसंचावर ५.६६. क्रमांकागणिक शस्त्रांचा जोर आणि साठवण भरण्याचा वेग यांत फेरफार झाले. म्हणून ‘ओराटोरिओ टँग्रममध्ये अमुक यंत्रमानव वरचढ’ हे विधान आवृत्ती सांगितल्याशिवाय करता येत नाही. एक्सबॉक्स ३६० वर २००९ साली ५.६६ आली. प्लेस्टेशन ४ साठीच्या २०१९ मधील संग्रहात पहिला भाग, हा भाग आणि मालिकेतील २००१ चा ‘फोर्स’ हे तिन्ही एकत्र आहेत.

घरगुती उपकरणे : अमेरिकेत ड्रीमकास्टची आवृत्ती २००० साली अ‍ॅक्टिव्हिजनने आणली, पण तिच्यासोबत जोडदांड्यांचे उपकरण तेथे विक्रीला आले नाही. ड्रीमकास्टच्या साध्या नियंत्रकावर एकच अ‍ॅनालॉग दांडा आहे. उडी, वळण आणि बचाव ही कामे बटणांना वाटून द्यावी लागली. खेळ चालतो, पण दांडे बाहेर फाकवून उडी घेणे आणि आत ओढून ती मोडणे यातील अर्थच हरवतो. तिकडच्या खेळाडूंचा या खेळाशी पहिला परिचय असा अर्धवट झाला. रेखीव चित्रांची वाखाणणी आणि हाताळणीची तक्रार, असे दोन्ही सूर तेथे एकत्र ऐकू आले, ते समजण्यासारखे आहे.

जपानमध्ये सेगाने सॅटर्न आणि ड्रीमकास्ट या आपल्या दोन्ही घरगुती यंत्रांसाठी जोडदांडे विकले; एक्सबॉक्स ३६० साठी ते होरी कंपनीने काढले. प्लेस्टेशन ४ वर मालिका २०१८ साली परतली तेव्हा त्यासाठी तसे उपकरण बाजारात नव्हते. ते बनवायला पुढे आली तानिता, म्हणजे घराघरांतले वजनकाटे बनवणारी जपानी कंपनी. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न उद्दिष्टाला पोचला नाही. दुसरा पोचला, आणि दोन उभे दांडे, दोन ट्रिगर आणि अंगठ्याखालची दोन बटणे पुन्हा खेळाडूंच्या हाती आली.