सुई गेली, मोजमाप राहिलं

जुनाट हिपॅटायटीस बी-सीमध्ये यकृताची बायोप्सी इतिहासजमा झाली का? थोडं मागे जाऊ. 1958मध्ये मेंघिनी यांनी सुई यकृतात जेमतेम सेकंदभर ठेवायची पद्धत मांडली. 1981मध्ये नोडेल आणि सहकाऱ्यांनी तुकड्यातल्या सुजेला, फायब्रोसिसला गुण दिले. पण तो तुकडा म्हणजे यकृताचा साधारण 50,000वा भाग. वर रक्तस्रावाचा धोका. 2003मध्ये हिपॅटायटीस सीसाठी एपीआरआय आला: एएसटी आणि प्लेटलेट, बस्स! सरावलीच्या (ता. डहाणू) रुग्णाचं नुसतं रक्त घेतलं तरी अंदाज बांधता येतो.

मात्र एपीआरआयचे कटऑफ ठरले बायोप्सीशीच ताडून. तुकड्याची चूक आकड्यातही उतरते. म्हणून पेपरात ‘गोल्ड स्टँडर्ड’ दिसलं, की आधी विचारा: तो स्वतः किती चुकतो?