काचेतल्या पाण्याचा इतिहास: न्यू गिनी ते वर्धा

इतिहासाच्या व्याख्यानात फिश टँक कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. पण वर्ध्यातल्या एखाद्या घरात निळ्या अंगाचा, लाल परांचा, जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचा ड्वार्फ निऑन रेनबोफिश पोहत असेल, तर त्याच्या मागे पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे. ती माशापेक्षा पाण्याची जास्त आहे.

1850 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग मांडला. टाकीत दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. पानं सडून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली, पाणी निवळलं. मासा जगवायचा तर आधी पाणी जगवावं लागतं, हे तिथे दिसलं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपल्याकडे 1951 साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते.

आता दोन तारखा बघा. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर ग्रंथ लिहिला. त्यात एक पट्टेरी, बोटाएवढा मासा होता, आजचा झेब्राफिश. बरोबर शंभर वर्षांनी, 1922 मध्ये, वेबर आणि ड बोफोर्ट यांनी न्यू गिनीतल्या आपल्या या रेनबोफिशचं वर्णन केलं. आपला झेब्राफिश परदेशी टाक्यांत गेला. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगरने त्याला प्रयोगशाळेत नेलं, आणि आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. उलट दिशेने रेनबोफिश आपल्या दिवाणखान्यात आला. शोभेच्या माशांचा इतिहास असा दुहेरी वाहतुकीचा आहे.

मग वर्ध्यात अडचण काय? ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि या माशाला साधारण 24 ते 28 अंश मानवतात. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि पाण्यात तो कमी असतो! उपाय मात्र आपल्या घरातच आहे. माठातलं पाणी गार होतं, तेच इथे करायचं: टाकीचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडायचा. विदर्भाची हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन भरपूर होतं. फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. म्हणून नुसतं वरून पाणी भरत राहू नका, दर आठवड्याला थोडं काढून तेवढंच ताजं घाला. नळाचं असेल तर क्लोरीन उडून जायला एक दिवस उघडं ठेवा.

आणखी एक. टाकी भरली की लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार-सहा आठवडे लागतात. वॉरिंग्टनला जिवाणू ठाऊक नव्हते, पण पाण्याला वेळ द्यावा लागतो हे कळलं होतं.

आता मुद्द्याचं. हौस संपली की मासे कुठे जातात? पुष्कळदा नदीत. आणि इतिहास सांगतो, सोडलेला मासा परत बोलावता येत नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून 1928 साली गॅम्बुसिया भारतात आणला. हेतू चांगला होता, पण तो इतर माशांची अंडी आणि पिल्लंही खातो. आपल्या धाम नदीत, पवनारच्या डोहात, बोटाएवढे मासे आजही आहेत. त्यांच्यावर ग्रंथ लिहायला हॅमिल्टन आला नव्हता. निदान त्यांच्या घरात परका पाहुणा तरी सोडू नका. मासे नको झाले तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या, दुकानात परत करा.

रेनबोफिश काचेत सुंदर दिसतो. धामेचे मासे धामेत असू देत.