क्षुधा, मेद आणि एक क्रियापद

लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करणारे विल्यम बँटिंग ह्यांनी मेदवृद्धीवर नौका वल्हविण्याचा उपाय योजिला. परंतु त्यायोगे क्षुधा प्रदीप्त होऊन वजन उलट वाढले. पुढे १८६२ साली कर्णरोगचिकित्सक विल्यम हार्वी ह्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे शक्यतो वर्ज्य करून मांसप्रधान, चार वेळांचा आहार सांगितला. वर्षभरात वजन २०२ पौंडांवरून १५६ वर आले. आहाराचे प्रमाण नैसर्गिक भुकेवर सोपवावे, महत्त्व प्रकाराला आहे, असे बँटिंग ह्यांच्या १८६३ च्या पुस्तिकेचे प्रतिपादन होते. त्यांच्या नावावरून स्वीडिश भाषेत ‘बान्ता’ हे क्रियापद रूढ झाले. मात्र त्याचा अर्थ वजन घटविण्यासाठी आहार नियंत्रित करणे एवढाच राहिला. नाव टिकले, क्षुधाशमनाचे मूळ सूत्र अर्थातून गळून पडले.