चार डेसिबलचा वाद

पुण्यात पासोड्या विठोबाजवळून आणलेली स्पीकरची वायर मी स्वतः भिंतीच्या कडेकडेनं फिरवली होती. मागचे दोन स्पीकर कपाटावर, सबवूफर दिवाणाच्या कोपऱ्यात. साल २००१. दर रविवारी आम्ही चार मित्र त्या खोलीत बसून एकच वाद घालायचो: चित्रपटाचा आवाज कुठल्या डिजिटल पद्धतीत सरस, डॉल्बी की डीटीएस?

वाद मुळात अमेरिकेतला, आणि डीव्हीडीच्याही आधीचा, लेझरडिस्कच्या काळातला. लेझरडिस्क म्हणजे एलपीएवढी बारा इंची चकती. एका बाजूवर तासाभराचं चित्र, मग उठून उलटायची. सहा वाटांनी येणाऱ्या आवाजासाठी तिच्यात जागाच नव्हती. डॉल्बीनं उजव्या अ‍ॅनालॉग ट्रॅकच्या जागी आपला आवाज बसवला. १९९५च्या जानेवारीत ‘क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर’ असा आला. दोन वर्षांनी ‘जुरासिक पार्क’च्या डिस्कवर डीटीएसनं डिजिटल स्टिरिओची अख्खी जागा घेतली. डीकोडर नसला तर त्या ट्रॅकवर नुसता खरखराट. भरलेल्या वाड्यात बिऱ्हाड थाटावं तसं हे काम होतं, आणि ते करणाऱ्या इंजिनिअरांबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

डीव्हीडी आली आणि वाद आकड्यांवर गेला. डॉल्बीला सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिट, डीटीएसला पूर्ण दरानं सुमारे १५०९. तिपटीहून अधिक! ‘जुरासिक पार्क’नं १९९३ साली थिएटरात डीटीएस गाजवलं होतं, तेच घरी आलं असंही आम्ही मानत होतो. प्रत्यक्षात थिएटरात आवाज वेगळ्या सीडीवरून यायचा आणि तो दाबून बसवण्याची पद्धतही घरच्या डीटीएसहून निराळी होती. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या तर डॉल्बी आणि डीटीएस अशा दोन वेगळ्या डीव्हीडी निघाल्या. किनाऱ्यावर उतरतानाचा तो प्रसंग आम्ही किती वेळा लावला असेल! कॅमेरा पाण्याखाली जातो, गोळीबार एकदम बोथट होतो. डोकं वर येताच धातूचा कडकडाट चारी बाजूंनी अंगावर येतो.

डीटीएस लावलं की सगळे म्हणायचे, बघ, किती मोकळं वाटतंय. मलाही वाटायचं.

मग एका मित्रानं ध्वनिमापक आणला. दोन्ही ट्रॅक असलेली एक डिस्क लावली, मापक सोफ्यावर कानाच्या उंचीला धरला आणि एकच प्रसंग दोनदा मोजला. डॉल्बी चार डेसिबलनं हळू. कारण शोधलं तेव्हा ‘डायलनॉर्म’ हा शब्द कळला. डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये संवादाची पातळी सांगणारा एक आकडा असतो. वेगवेगळ्या कार्यक्रमांतले संवाद सारख्याच पातळीवर ऐकू यावेत म्हणून डीकोडर त्यानुसार आवाज उतरवतो. आकडा उणे ३१ असेल तर काही उतरत नाही. त्या डिस्कवर तो उणे २७ होता, म्हणजे बरोबर चार डेसिबल कमी. आणि माणसाच्या कानाचा धर्मच असा, की जरा मोठा आवाज त्याला जास्त खुला, जास्त खोल वाटतो.

आम्ही डॉल्बी चार डेसिबलनं चढवलं, एकानं पाठ करून रिमोट धरला, बाकीच्यांनी डोळे मिटले. कुठला ट्रॅक चालू आहे हे खात्रीनं कुणालाच सांगता आलं नाही. वर्षभराचं आमचं भांडण आवाजाच्या प्रतीचं नव्हतंच, पातळीचं होतं. दोन ट्रॅक वेगवेगळ्या मिक्सवरून केलेले असतील तर फरक खरा असतो. पण तो मिक्स करणाऱ्याचा, फॉरमॅटचा नव्हे.

पुढे ब्लू-रेवर डॉल्बीचं ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आले. दोन्ही लॉसलेस, स्टुडिओनं दिलेला बिट न् बिट परत देणारे, म्हणजे भांडायला काही उरायला नको. पण ट्रूएचडीतही डायलनॉर्म आहेच. परवा एका तरुण शेजाऱ्यानं मला घरी नेऊन दोन्ही ऐकवले आणि म्हणाला, “काका, डीटीएस कसं खुलतं बघा.” मी त्याच्या अ‍ॅम्पच्या डिस्प्लेवर तो आकडा कुठे दिसतो ते शोधायला लागलो.