ढोरांचा डॉक्टर

तळेगाव नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. एका अंगाला आर्वी, दुसऱ्या अंगाला आष्टी. हा सगळा पट्टा गवळाऊ जनावरांचा. रंगानं पांढरी, अंगानं हलकी, अन् चालीला चपळ. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी पैदास केंद्रच आहे. पण एवढं गोधन असलेल्या मुलखात शिकलेला पशुवैद्य मात्र आधीपासूनच दुर्मीळ. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 चं. नागपुरात तसं कॉलेज निघायला 1958 उजाडलं. तिथून बाहेर पडणारी पोरं किती अन् गावं किती!

मग खेड्याचं भागलं कसं? पशुधन पर्यवेक्षकावर. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि पुढे ढोरांच्या दवाखान्यांच्या दोन श्रेणी रूढ झाल्या. श्रेणी एकमध्ये पदवीवाला पशुधन विकास अधिकारी, श्रेणी दोनमध्ये पर्यवेक्षक. कागदावर हा मदतनीस. गावाच्या लेखी मात्र तोच डॉक्टर. ‘डाक्टर आले का जी?’ म्हणजे तेच आले का. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याची लस, गोऱ्ह्याचं खच्चीकरण, जखमेत पडलेले किडे काढणं, गाय माजावर आली की कृत्रिम रेतन. अन् रात्री पोट फुगून ढोर आडवं पडलं, तरी बोलावणं त्यांनाच. पूर्वी बैल बडवायचे तेव्हा जनावराचे जे हाल व्हायचे ते ज्यानं पाहिले, त्याला चिमट्यानं झटकन होणाऱ्या खच्चीकरणाची किंमत कळते. हा चिमटा आमच्याकडे आणला तो याच लोकांनी.

1976 साली राष्ट्रीय कृषी आयोगानं पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा असं सुचवलं. सूचना चांगलीच होती. पण शेतकऱ्याची गाय अडली तर ती आयोगाची वाट पाहत नाही.

1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं आता चौकट आखली. उपचार करायचे ते नोंदणीकृत पदवीधरानंच. पर्यवेक्षकाला राज्य सरकार परवानगी देऊ शकतं, पण ती किरकोळ सेवांची, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी यांसारख्या कामांची. अन् तीही पदवीधराच्या देखरेखीखाली. महाराष्ट्रात 2009 च्या अधिसूचनेनं या सेवा ठरवून दिल्या. माझं मत विचाराल तर देखरेखीची अट रास्त आहे. चुकीच्या औषधानं गाय गेली तर दुभतं घर बसतं. अडचण वेगळीच आहे: देखरेख करणाराच जागेवर नसतो. पद रिकामं, नाहीतर एकाच साहेबाकडे दोन-तीन दवाखान्यांचा कारभार. मग रात्री अडलेल्या गायीपुढे उभ्या माणसानं कायदा पाळायचा की हात घालायचा? हात घातला आणि निभावलं तर कोणी विचारत नाही. बिघडलं तर मात्र तो एकटा. 2021 च्या पावसाळ्यात पदविकाधारकांनी राज्यभर असहकार केला, त्याच्या मुळाशी हीच कुचंबणा होती.

मजा अशी की हाच प्रश्न आता श्रीमंत मुलखातही पोचला. 2024 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं मतदान घेऊन पशुवैद्याच्या हाताखाली उपचार करणारा एक नवाच मधला दर्जा मंजूर केला. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, कारण तेच जे इथं ऐकू येतं: अर्धवट शिकलेल्याच्या हाती जनावर का द्यावं? फरक एवढाच, तिथं आधी वाद झाला अन् मग माणूस नेमणार. इथं माणूस कधीचाच कामाला लागलेला, अन् वाद मागून येतोय.

2022 ला लंपी आला. अंगभर गाठी, डोळ्यांतून पाणी, वैरणीला तोंड न लावणारे बैल. शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचायची होती, तीही लवकर. पदवीधर, पर्यवेक्षक, शिकाऊ पोरं असे सगळेच गोठ्यागोठ्यातून फिरले. गोठ्यात सुई मारताना कोण कोणत्या श्रेणीचा, हे आमच्याकडे कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्यांनी फक्त ढोराची वेसण धरून ठेवली.